जुन्या लॅपटॉपवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम : निवडीपासून स्थापनेपर्यंत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट थांबवले आणि आमच्या नाशिकमध्ये, निदान माझ्या ओळखीच्या घरांत, दिवाळीच्या फराळाबरोबर एकच प्रश्न फिरू लागला : सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला, अजून चालता असलेला लॅपटॉप आता मोडीत काढायचा का? दुकानात चौकशी केली की बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक, ‘नवीन घेऊन टाका’. दुसरे, ‘ठेवून जा, संध्याकाळपर्यंत फॉरमॅट मारून विंडोज ११ टाकून देतो’. पहिल्या उत्तरात पैसा जातो आणि दुसऱ्यात कधी कधी त्याहून मोलाचे, म्हणजे त्या यंत्रावर वर्षानुवर्षे साठलेले काम जाते. म्हणून सर्वांत नवी यंत्रणा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, कोणती, हा या लेखाचा विषय नाही. आपल्या लॅपटॉपवर कोणते काम चालते, ते कोणत्या यंत्रणेवर विनाअडथळा चालू राहील आणि जुन्या माहितीला धक्का न लावता ती यंत्रणा कशी बसवावी, ते येथे क्रमाने सांगितले आहे.

उदाहरणासाठी एक लॅपटॉप समोर ठेवतो. भाऊबीजेला माझी थोरली बहीण दिंडोरी तालुक्यातून आली ती पिशवीत लॅपटॉप घेऊनच. २०१७ साली घेतलेले यंत्र : इंटेलचा कोअर आय३-६००६यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. चालू केल्यापासून एक्सेलची फाइल उघडेपर्यंत सात मिनिटे गेली, ती मी घड्याळ लावून मोजली. त्यावर दाजींच्या द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदी होत्या, ताई सचिव असलेल्या महिला बचत गटाची आठ वर्षांची इतिवृत्ते होती आणि भाचीच्या बारशापासूनचे फोटो होते. ‘यात नवीन विंडोज बसेल का रे?’ असे ताईने विचारले. त्याचे नीट उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत जे पाहिले आणि केले, त्याच क्रमाने पुढे लिहितो.

यंत्राची ओळख

विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि आर या अक्षराची कळ एकत्र दाबल्यावर ‘रन’ ही छोटी चौकट उघडते. तीत इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता, एमएसइन्फो३२ असे टाइप करून एंटर दाबले की ‘सिस्टम इन्फर्मेशन’ची खिडकी उघडते. तेथील तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात : प्रोसेसरचे पूर्ण नाव, बसवलेली रॅम आणि ‘बायोस मोड’ या शब्दांपुढे यूईएफआय (यंत्र सुरू करण्याची नवी पद्धत) लिहिले आहे की लेगसी (जुनी पद्धत). त्यानंतर टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ या भागात डिस्कवर क्लिक करावे. तेथे ती एचडीडी (फिरती हार्ड डिस्क) आहे की एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) हे लिहिलेले असते.

प्रोसेसरच्या नावातच त्याचे वय दडलेले असते. इंटेलच्या आय३, आय५, आय७ या खुणेनंतर चार आकडे असतील तर पहिला आकडा सहसा पिढी सांगतो; म्हणजे आय३-६००६यू हा सहाव्या पिढीचा आणि आय५-८२५०यू हा आठव्या पिढीचा. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने मान्य केलेली यादी, काही अपवाद सोडता, इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून सुरू होते. याशिवाय किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, यूईएफआय व सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. हे सर्व एकेक करून तपासण्याऐवजी मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन चालवावे. ते यंत्र पात्र आहे का आणि नसल्यास नेमके कशामुळे नाही, हे दोन्ही सांगते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. या तपासणीत ‘टीपीएम २.० सापडले नाही’ असे उत्तर आले म्हणून लगेच निराश होऊ नये. आठव्या पिढीच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये ही सोय प्रोसेसरमध्येच असते, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, ती बंद ठेवलेली असते. इंटेलच्या यंत्रांत तिचे नाव पीटीटी आणि एएमडीच्या यंत्रांत एफटीपीएम असे असते. ती चालू करून पुन्हा तपासणी केली की केवळ तेवढ्यासाठी अपात्र ठरलेले यंत्र पात्र ठरते. मात्र बायोस मोड लेगसी असलेल्या यंत्रात नुसता मोड बदलून यूईएफआय करू नये. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असल्यास विंडोज सुरूच होणार नाही. त्यासाठी आधी विंडोजमधल्या एमबीआर२जीपीटी या साधनाने मांडणी बदलावी लागते आणि तेही पूर्ण बॅकअप घेतल्याशिवाय करू नये.

ताईचा लॅपटॉप सहाव्या पिढीचा असल्याने विंडोज ११ चा अधिकृत मार्ग तेथेच संपला.

डिस्कची तब्येत

जुना लॅपटॉप संथ झाला की दोष विंडोजला दिला जातो, पण माझ्या अनुभवात बहुतेक वेळा खरे कारण फिरती हार्ड डिस्क असते. मिनिटाला ५४०० फेरे फिरणाऱ्या तबकडीवरून छोट्या-छोट्या हजारो फाइल्स वाचायच्या म्हणजे वाचणाऱ्या टोकाला सतत इकडून तिकडे जावे लागते. आजची यंत्रणा मागच्या मागे इतकी कामे करत असते की ती डिस्क सदैव १०० टक्के गुंतलेली दिसते. अशा डिस्कवर कोणतीही नवी यंत्रणा टाकली तरी महिनाभरात तीच रड सुरू होते.

दुसरी बाब याहून गंभीर आहे. ऑपरेटिंग सिस्टीम बसवणे म्हणजे डिस्कवर काही जीबी माहिती सलग लिहिणे, आणि मरणपंथाला लागलेली डिस्क नेमकी अशा वेळी हात टेकते. म्हणून ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे छोटे मोफत साधन उतरवून डिस्कची तब्येत आधी पाहावी. ‘हेल्थ स्टेटस’ निळ्या रंगात ‘गुड’ असेल तर ठीक. पिवळ्या रंगात ‘कॉशन’ आले आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’च्या रांगेत शून्याशिवाय काहीही दिसले, तर अपग्रेडचा विचार बाजूला ठेवून त्याच क्षणी माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी. ताईच्या डिस्कवर पिवळा रंग होता. लॅपटॉप कानाजवळ धरला तर तबकडीच्या संथ घरघरीत मध्येच ‘टक्’ असा आवाज यायचा आणि त्या क्षणी माउसचा बाण पडद्यावर गोठायचा.

माझा ठाम सल्ला असा की, जुन्या लॅपटॉपवर नवी यंत्रणा बसवायची असेल तर ती नव्या एसएसडीवरच बसवावी आणि जुनी डिस्क जशीच्या तशी काढून ठेवावी. यामुळे वेग तर मिळतोच, पण त्याहून मोठा लाभ असा की मूळ यंत्रणा, फाइल्स, फॉन्ट सर्व काही न पुसता शिल्लक राहते आणि नवा प्रयोग फसला तर जुनी डिस्क परत बसवून पहिल्या जागी येता येते. बहुतेक जुन्या लॅपटॉपला अडीच इंची साटा एसएसडी लागते, काहींमध्ये एम.२ ची खाच असते. नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर किंवा आपल्या भागातल्या दुकानात खरेदीला जाताना लॅपटॉपच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक लिहून न्यावा. रॅम ४ जीबी असल्यास ती ८ करून घ्यावी; पण डीडीआर३एल आणि डीडीआर४ या एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत, म्हणून जुनी पट्टी सोबत नेलेली उत्तम.

या यंत्रावर नेमके काय काम चालते?

यंत्रणा निवडण्यापूर्वी आठवडाभरात लॅपटॉपवर काय काय केले जाते याची यादी करावी, आणि ही यादी तो रोज वापरणाऱ्याबरोबर बसूनच करावी. मी ताईला विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘अरे, मी फक्त टायपिंग करते.’ पण त्या ‘फक्त टायपिंग’मध्येच सर्वांत मोठी अडचण लपलेली होती.

बचत गटाचे एक जुने इतिवृत्त पेनड्राइव्हवर घेऊन मी माझ्या लॅपटॉपवर उघडले. ‘सभेचे इतिवृत्त’ या मथळ्याच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्याची चिन्हे यांची एक ओळ दिसली आणि पुढची तीन पाने तशीच. फाइल बिघडली नव्हती. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये संगणक आत रोमन अक्षरांचेच क्रमांक साठवतो आणि फॉन्ट त्या क्रमांकांना देवनागरीचा आकार देतो; तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मूळ रोमन चिन्हेच दिसतात. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असल्याने हा प्रश्न येत नाही. नाशिकमध्ये छपाईची कामे करणारे, पतसंस्था, शाळांची कार्यालये, वकिलांचे टंकलेखक अशा कितीतरी जणांकडे अशा जुन्या फॉन्टमधल्या फाइल्सची वर्षानुवर्षांची चळत आहे. फॉरमॅट मारल्यावर कॉपी करून ठेवलेल्या फाइल्स राहतात आणि फॉन्ट जातो, व तेव्हा ‘सगळे मराठी खराब झाले’ अशी तक्रार घेऊन लोक धावतात.

यावर उपाय अपग्रेडच्या आधीच करायचा असतो. जुने विंडोज चालू आहे तोवर अशा प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची पीडीएफ करून ठेवावी, कारण पीडीएफमध्ये फॉन्टचा आकार सोबत बांधला जातो आणि ती कोठेही तशीच दिसते. सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरातल्या ‘फॉन्ट्स’मधून ते फॉन्ट वेगळ्या जागी कॉपी करून घ्यावेत. ज्या फाइल्समध्ये पुढेही बदल करायचे आहेत, त्या मात्र युनिकोडमध्ये रूपांतरित करून एकदा नजरेखालून घालाव्यात. रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार हमखास चुकतात.

दाजींच्या नोंदींचा प्रश्न सोपा होता. निर्यातीसाठी अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत नोंदलेल्या बागेला कोणते औषध, कोणत्या तारखेला, किती मात्रेत फवारले याचा हिशेब ठेवावाच लागतो. तो त्यांनी एक्सेलच्या साध्या तक्त्यांत ठेवला होता आणि असे तक्ते लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्येही उघडतात. याउलट ज्यांच्या लॅपटॉपवर टॅली चालते, डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन लावून विवरणपत्रे भरली जातात, किंवा एखाद्या यंत्राबरोबर आलेले विंडोजपुरतेच सॉफ्टवेअर वापरले जाते, त्यांनी विंडोज सोडण्याची घाई करू नये. काही जुने लेसर प्रिंटरही लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर चालवताना फार त्रास देतात, त्यामुळे यादीत प्रिंटरचा मॉडेल क्रमांकही लिहावा.

निवड

यंत्र विंडोज ११ साठी पात्र असेल आणि रॅम ८ जीबी असेल, तर फार विचार न करता विंडोज ११ घ्यावे. नियमाप्रमाणे ४ जीबीवर ते बसते, पण ब्राउझरच्या चार खिडक्या उघडताच अडखळते. पात्र नसलेल्या यंत्रावर तपासणी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या सर्वत्र सांगितल्या जातात आणि स्थापनेचा पेनड्राइव्ह बनवणाऱ्या रूफससारख्या साधनात त्यासाठी पर्यायही आहे. ज्या लॅपटॉपवर हिशेब, परीक्षा किंवा व्यवसाय अवलंबून आहे, त्यावर हा मार्ग मी सुचवणार नाही. अशा यंत्रांना पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने पॉपसीएनटी व एसएसई४.२ या प्रोसेसरमधल्या सूचना अनिवार्य केल्यावर फार जुनी यंत्रे सुरूच होईनाशी झाली.

विंडोजवाचून चालणारच नाही, पण यंत्र पात्र नाही, अशांसाठी ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’ ही सोय आहे. वैयक्तिक वापरकर्त्यांना तिच्याद्वारे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत विंडोज १० चे सुरक्षा अपडेट मिळतील, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते; सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवण्यास संमती दिल्यास वेगळे पैसे पडत नाहीत. नोंदणीचा दुवा सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरच दिसतो. ही मुदत नवा लॅपटॉप घेण्यासाठी किंवा काम दुसरीकडे हलवण्यासाठी मिळालेली सवड समजावी.

ज्यांचे काम ब्राउझर, पत्रव्यवहार, तक्ते, व्हिडिओ आणि मुलांचा अभ्यास एवढ्यात बसते, त्यांना मी लिनक्सचा ‘मिंट’ हा प्रकार सुचवतो. त्याची २२ मालिका उबुंटू २४.०४ वर आधारित असून तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. किमान गरज २ जीबी रॅमची आहे, ४ जीबीवर काम सुखाने चालते आणि खालच्या पट्टीवरचा मेनू विंडोज वापरणाऱ्याला परका वाटत नाही. ४ जीबी रॅमच्या यंत्रावर त्याची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी, ८ जीबीवर सिनॅमन. गूगलचे क्रोमओएस फ्लेक्स हाही पर्याय आहे, पण त्यावर अँड्रॉइडची अ‍ॅप चालत नाहीत आणि जवळजवळ सर्व काम इंटरनेटवर अवलंबून राहते. वाडीवस्तीवर जेथे रेंज येते-जाते तेथे ते गैरसोयीचे ठरते. ३२ बिटांचे प्रोसेसर असलेली यंत्रे आता फारच थोड्या यंत्रणा स्वीकारतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही त्यांच्यासाठीची स्थापना बंद केली, त्यामुळे अशा यंत्रावर खर्च करू नये.

ताईसाठी मी मिंट निवडले, नव्या एसएसडीवर.

बॅकअप : येथे घाई नको

काही वर्षांपूर्वी माझ्याच हातून एका आप्ताच्या लॅपटॉपवरील माहिती गेली आणि त्याची रुखरुख अजून आहे. त्यांनी सांगितले, ‘माझे सगळे डेस्कटॉपवरच असते.’ मी डेस्कटॉप पूर्ण कॉपी केला, फाइल्सची नावे पडताळली आणि डिस्क पुसली. नंतर कळले की डेस्कटॉपवर होते ते शॉर्टकट. मूळ फाइल्स डी ड्राइव्हवर होत्या आणि मी दोन्ही विभाग पुसले होते. चिन्हाच्या डाव्या कोपऱ्यातला तो छोटासा बाण मी पाहिलाच नव्हता. तेव्हापासून मी कॉपी झालेल्या फोल्डराचा आकार मूळ फोल्डराशी ताडून पाहतो आणि बॅकअपमधल्या दहा-बारा फाइल्स दुसऱ्या संगणकावर उघडून बघितल्याशिवाय पुढचे पाऊल टाकत नाही.

डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स आणि डाउनलोड्स तर घ्यावेतच, पण डी किंवा ई असे आणखी विभाग असतील तर तेही उघडून पाहावेत. टॅलीचा डेटा फोल्डर, आउटलुकच्या मेलची पीएसटी फाइल, ब्राउझरमधले बुकमार्क व पासवर्ड, जुने फॉन्ट, वाय-फायचा पासवर्ड आणि घेतलेल्या सॉफ्टवेअरचे परवाना क्रमांक या गोष्टी हमखास राहून जातात. डिस्क बिटलॉकरने किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ने कुलूपबंद आहे का हे सेटिंग्जमध्ये पाहावे, असल्यास ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी, कारण बायोसमध्ये बदल केल्यावर विंडोज ती मागू शकते आणि ती हाताशी नसेल तर डिस्क शाबूत असूनही माहिती हाती येत नाही.

पेनड्राइव्ह तयार करणे

किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा. त्यावरचे सर्व पुसले जाते. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील ‘मीडिया क्रिएशन टूल’ वापरावे. मिंटसाठी त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवून ती रूफस किंवा बलेना एचरने पेनड्राइव्हवर लिहावी. नुसती कॉपी करून ती चालत नाही. या फाइल्स कित्येक जीबीच्या असतात. रोज दीड-दोन जीबी मिळणाऱ्या मोबाइल पॅकवर त्या अर्ध्यात अडकतात, म्हणून ज्याच्या घरी फायबरची जोडणी आहे त्याच्याकडून उतरवून घ्याव्यात. उतरवलेल्या फाइलचा शा-२५६ अंक, म्हणजे फाइल तंतोतंत आल्याची खूण, संकेतस्थळावर दिलेल्या अंकाशी जुळतो का हे पॉवरशेलमधल्या गेट-फाइलहॅश या आज्ञेने पाहावे. मध्येच तुटलेल्या डाउनलोडमुळे स्थापना अर्ध्यात फसते आणि लोक दिवसभर लॅपटॉपमध्ये दोष शोधत बसतात.

प्रत्यक्ष स्थापना

पहिली काळजी विजेची. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा नावापुरती उरलेली असते. चार्जर काढताच जो बंद पडतो, त्यावर भारनियमनाच्या वेळेत किंवा पावसाळी विजांच्या संध्याकाळी हे काम हाती घेऊ नये. घरात इन्व्हर्टर असेल तर चार्जर त्याच्या जोडणीवर लावावा.

पात्र यंत्रावर, चांगल्या एसएसडीवर आधीच चालू असलेल्या विंडोज १० चे विंडोज ११ करायचे असेल, तर फॉरमॅटची गरजच नाही. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये पर्याय दिसत असेल तर तेथूनच, नसेल तर ‘इन्स्टॉलेशन असिस्टंट’ने ते होते आणि फाइल्स व प्रोग्राम जागेवर राहतात. सी ड्राइव्हवर तीसेक जीबी जागा मोकळी करावी, वेगळा अँटिव्हायरस असेल तर तो काढावा आणि प्रिंटर, जादा पेनड्राइव्ह सोडवून ठेवावेत. काम चालू असताना टक्क्यांचा आकडा एखाद्या ठिकाणी बराच वेळ थांबतो. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर बटण दाबून यंत्र बंद करू नये. अपग्रेडनंतर दहा दिवसांपर्यंत रिकव्हरीच्या पानावरून पुन्हा विंडोज १० वर परतता येते, म्हणून त्या दहा दिवसांत टॅली, प्रिंटर, टोकन हे सारे एकदा चालवून पाहावे आणि तोवर ‘डिस्क क्लीनअप’ करून विंडोज.ओल्ड हा फोल्डर काढू नये.

नवी डिस्क बसवायची असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा, बॅटरी सुटी होणारी असल्यास काढावी आणि आतली असल्यास मागचे झाकण उघडताच तिची पिन सोडवावी. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी ठेवावा. डिस्क सरळ वर उपसू नये, जोडणीपासून आडवी सरकवून सोडवावी. ताईच्या लॅपटॉपच्या पंख्याच्या जाळीवर बागेतल्या धुळीचा जाड थर चटईसारखा बसला होता. तो मऊ ब्रशने काढल्यावर यंत्र तापणेही कमी झाले.

त्यानंतर पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताच बूट मेनूची कळ टिचकावत राहावी. डेल, लेनोव्हो आणि एसरच्या बहुतेक यंत्रांत ती एफ१२ असते, एचपीमध्ये एफ९ आणि आसुसमध्ये एस्केप. एसरच्या काही यंत्रांत एफ१२ आधी बायोसमधून चालू करावी लागते, तर लेनोव्होच्या काही यंत्रांत कडेला बारीक छिद्रातले बटण असते. विंडोज ११ होमची नवी स्थापना करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खाते मागितले जाते, त्यामुळे वाय-फायचा ड्रायव्हर दुसऱ्या पेनड्राइव्हवर तयार ठेवावा.

मिंटची खुबी अशी की ते डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते, आणि या सोयीचा पुरेपूर उपयोग करावा. मी अर्धा तास ताईलाच समोर बसवले. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या कळा चालतात का, कॅमेरा दिसतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, हे सर्व तिच्याच हाताने तपासले. दाजींनी फोनवरून विचारले, ‘माझे फवारणीचे तक्ते उघडले का?’ ताईने जुन्या डिस्कवरून घेतलेला तक्ता उघडून, औषधांच्या मात्रांची बेरीज बरोबर येते का ते पाहूनच त्यांना होकार दिला. मगच ‘इन्स्टॉल’ या चिन्हावर दोनदा क्लिक केले.

स्थापनेत भाषा, कीबोर्ड आणि वाय-फाय निवडल्यावर मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत खूण करावी. पुढचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : डिस्क पूर्ण पुसायची की विंडोजशेजारी बसवायचे. नवी, रिकामी एसएसडी असेल तर पुसण्याचा पर्याय निर्धास्तपणे निवडावा, पण तेथे दिसणारा डिस्कचा आकार आपल्या एसएसडीचाच आहे हे पाहूनच. एकाच डिस्कवर दोन्ही यंत्रणा ठेवायच्या असल्यास आधी विंडोजमधून ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे आणि बिटलॉकरचे कुलूप असल्यास ते काढून टाकावे. अशा जोडव्यवस्थेत विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले दिसले तर घाबरू नये. लिनक्स यंत्रातले घड्याळ जागतिक वेळेवर ठेवते आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजते. लिनक्समध्ये स्थानिक वेळ वापरण्याची सेटिंग केली की ते जुळते.

स्थापनेनंतर

मिंटमध्ये पहिल्याच बैठकीत सर्व अपडेट घ्यावेत, मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’ पाहावा आणि ‘टाइमशिफ्ट’ चालू करून यंत्रणेची एक प्रत साठवावी. पुढे एखादा अपडेट बाधला तर या प्रतीवर परतता येते. टाइमशिफ्ट यंत्रणेची प्रत ठेवते, आपल्या फाइल्सची नाही, हे मात्र ध्यानात असावे. मराठी लिहिण्यासाठी कीबोर्डच्या मांडणीत भारतीय गटातून मराठी इनस्क्रिप्ट जोडता येते. ज्यांना उच्चाराप्रमाणे रोमन कळांनी लिहिण्याची सवय आहे त्यांनी आयबस आणि एम१७एन ही टंकलेखनाची साधने बसवून त्यातली मराठी फोनेटिक पद्धत घ्यावी. विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडली की फोनेटिक कीबोर्ड तेथेच मिळतो. विंडोजचा मंगल फॉन्ट लिनक्सवर नसतो, त्यामुळे युनिकोडमधला मजकूर नीट वाचता आला तरी पानांची मांडणी थोडी सरकते; छापण्यापूर्वी पाने पाहून घ्यावीत.

ताईचा लॅपटॉप आता अर्ध्या मिनिटात सुरू होतो. जुनी डिस्क मी प्लॅस्टिकच्या डबीत ठेवून वर तारीख आणि ‘विंडोज १०, पुसू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि डबी ताईकडेच दिली. एखाद्या इतिवृत्ताची पीडीएफ करायची राहून गेली असेल तर ती डिस्क यूएसबी एन्क्लोजरमध्ये, म्हणजे यूएसबीला जोडायच्या पेटीत, घालून वाचता येते. मात्र पिवळा शेरा मिळालेली डिस्क वारंवार फिरवू नये. लागणारे सर्व एकाच बैठकीत उतरवून घ्यावे. बचत गटाचा मार्चअखेरचा ताळेबंद आणि बागेतला शेवटचा खुडा होईपर्यंत ती डबी कपाटात राहील, आणि त्यानंतर ताईने प्रत्येक फोल्डर नव्या यंत्रावर उघडून पाहिल्यावरच डिस्क पुसायची असे आमचे ठरले आहे.